उणे दोन

सोनटक्के सरांनी ऑटोतून दोन डबे उतरवले.
एकाला अजून थर्माकोलचा वास,
दुसरा सोलापुरी चादरीत, गाठ मारून.
"पौनीकर बाई, दोन्ही लावून पाहा. मग सांगा,
हे नवं खोटं बोलून राहिलं, का मी म्हातारा झालो."

सीताबर्डी, मे महिना, दुपारचे दोन.
कूलरमध्ये बादली रिकामी करून मी टेबल मोकळं केलं.
पट्ट्यावर चालणारी यंत्रं मी दुकानात ठेवतच नाही.
सेहेचाळीस डिग्रीत रबराचा पट्टा
जेवण झालेल्या व्याह्यासारखा सैलावतो
आणि गाणारी बाई जांभया देत गाते.
या गावात मोटर थेट तबकडीखालीच हवी,
मधे कोणी नको.

जुनं मस्कतहून आलेलं, त्र्याऐंशी साली,
सरांच्या मेव्हण्यानं कपड्यांत गुंडाळून आणलेलं.
उचलताना कंबर आठवते.
सुईचा दांडा बोटानं ढकलला तर
श्वास सोडल्यासारखा जातो.
कंपनीनं आधी हे मॉडेल बंद केलं, मग सुटे भाग,
मग पत्रांना उत्तर देणं.
वेग सांभाळणारा त्याचा आयसी मी तीन वर्षं शोधतेय.
इतवारीतला दुकानदार म्हणतो, मिळाला तर मलेच सांगा.

नवं हलकं. झाकणाची बिजागरी कुरकुरते.
पण त्याला खोटं कसं म्हणू?
बटण दाबलं की क्षणात वेगावर,
लाईट खालीवर झाली तरी ढळत नाही,
आणि आमच्याकडे ती होतेच.
आवाजाचं विचाराल तर
डोळे मिटून मला दोन्ही ओळखता आली नाहीत.
तीस वर्षं हाच धंदा करते.
हे सांगायला मला आवडत नाही.

मग सरांनी पिशवीतून एकच तबकडी काढली. ड्रिलची.
सव्वीस जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर
एस्तेर मिसची तिसरीतली पोरं,
हातात लाकडी डंबेल्स.
नव्यावर लावली. "पाहा, घाई करून राहिलं."
जुन्यावर लावली. सर गप्प.

मी वाकून कडेचे ठिपके पाहिले.
वेग बरोबर असला की लाल उजेडात
ठिपक्यांची एक ओळ उभी राहते,
फिरता फिरता उभी.
इथं कुठलीच राहत नव्हती.
एक मागे सरत होती, एक पुढे,
मैदानावर शिट्टी व्हायच्या आधी असतात तशा.
वेगाची पट्टी शून्यावर नव्हतीच.
उणे दोनच्या जवळ अडकलेली,
मुठीला अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा,
खळग्यात खडूची भुकटी.

"हो," सर म्हणाले, बऱ्याच वेळानं,
"तिसऱ्या रांगेत एक पोरगी होती. डावा पाय बारीक.
पाऊल टाकायले वेळ लागे तिले.
एस्तेर म्हणे, बँडवाल्याले सांगता येत नाही,
यंत्राले येते."
मग पट्टी तशीच राहिली. शाळेतून मशीन घरी आलं,
पोरगी कुठं बँकेत लागली म्हणतात,
एस्तेर मिसला जाऊन सहा वर्षं झाली.
"मी विसरूनच गेलो होतो, बाई."

जुन्याला मी हात लावला नाही.
एक दिवस ते वेड्यासारखं धावेल आणि थांबेल,
एवढं सरांना सांगून ठेवलं.
नव्याची पट्टी वर ढकलली.
शून्यावर तिला खटका आहे, तिथं ती अडते,
बदलीवर आलेल्या हेडमास्तरासारखी.
जोर लावला. हिरवा दिवा विझला. उणे दोन.
पर्समधलं नेलपॉलिश काढून तिथं ठिपका दिला,
थोडा बाहेर गेला.

"किती झाले?"
"नेलपॉलिशचे काय घेऊ?"
सर म्हणाले, मग वाळेपर्यंत वाजवा.
वाजवली. संपली. पुन्हा वाजवली.
दुसऱ्या बाजूला काय आहे, मी विचारलं.
"कोणास ठाऊक," सर चादर घडी करत म्हणाले,
"तेवढ्यात शाळा सुटे."